आजोबांची रेकॉर्डची ट्रंक: चकचकीत विका, करड्या ठेवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. साताऱ्याचा वाडा रिकामा करताना माळ्यावर आजोबांची ट्रंक सापडली. आत दीडेकशे रेकॉर्ड, एचएमव्हीचा बंद पडलेला पेटीसारखा प्लेअर आणि सुयांची पत्र्याची डबी. वडील म्हणतात, सगळं मोबाइलवर मिळतं, पसारा कशाला? एका खरेदीदाराने सगळ्याचे मिळून पाच हजार सांगितलेत आणि रविवारपर्यंत मुदत दिलीय. तुम्ही विचारताय की प्लेअर कोणता घेऊ आणि पाच हजार बरे आहेत का. आणि अगदी शेवटी, जरा संकोचून, ज्या रेकॉर्ड मी जन्मात ऐकल्या नाहीत त्यांच्यासाठी जीव का तुटतोय, हेही.

मी पुण्यात रेकॉर्ड प्लेअर आणि जुने रेडिओ दुरुस्त करतो. पस्तीसएक वर्षं झाली. स्वतःकडे किती रेकॉर्ड आहेत तो आकडा घरात सांगत नाही. अशी ट्रंक घेऊन वर्षातून आठ-दहा माणसं दुकानात येतात. बहुतेकांची सुरुवात किमतीपासून होते आणि अर्ध्या तासाने ती माणसं आईबद्दल नाहीतर आजोबांबद्दल बोलत असतात. म्हणून तुमचा तिसरा प्रश्न मला पहिला वाटतो. तो सुटला की कुठल्या रेकॉर्ड ठेवायच्या, कुठल्या विकायच्या आणि वाजवायच्या कशावर, हे आपोआप ठरत जाईल.

आधी रविवारचं बघू. त्या गृहस्थांना नम्रपणे सांगा, यादी झाल्याशिवाय व्यवहार नाही. इतकी वर्षं माळ्यावर पडून राहिलेल्या वस्तूला आता चार दिवसांची मुदत कसली? आणि तोवर एकही रेकॉर्ड वाजवू नका. मोह होणार, मला ठाऊक आहे. पण त्या बंद प्लेअरची सुई कधी बदलली होती हे सांगायला आजोबा नाहीत, आणि झिजलेली सुई एका फेऱ्यात जे नुकसान करते ते नंतर कुणालाही भरून काढता येत नाही.

आता ट्रंक उघडा आणि ढीग करा. वर्तमानपत्र अंथरा, तोंडाला रुमाल बांधा, कारण आत बुरशी असणार. जड, जाड, दहा इंची, दर बाजूला एकच गाणं आणि नखाने टिचकी मारली तर बशीसारखा आवाज, त्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. लाखेच्या. त्या दोन्ही हातांनी कडेला धरून उचला. हातातून पडली तर तुकडे, दुसरं काही होत नाही. लहान, सात इंची, हलक्या, त्या बहुतेक ४५ फेऱ्यांच्या ईपी. दर बाजूला दोन, म्हणजे एकूण चार गाणी. आणि बारा इंची, लवचीक, रंगीत पुठ्ठ्याच्या पाकिटातल्या त्या एलपी, ३३ फेऱ्यांच्या (नेमकं बोलायचं तर ३३ आणि एक तृतीयांश), एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं. आपल्याकडे एलपी पन्नासच्या दशकाच्या अखेरीस रुळू लागल्या. पण लाखेच्या तबकड्या साठचं दशक सरेपर्यंत निघत होत्या, त्यामुळे एकाच माणसाच्या ट्रंकेत तिन्ही जाती सापडतात. बारा इंची पण जड आणि ठिसूळ अशी एखादी निघाली तर ती एलपी समजू नका. मोठ्या आकाराच्याही ७८ असत, त्यात सव्वाचार-साडेचार मिनिटं मावत.

हे ढीग कशासाठी? सुई ज्या चरीतून फिरते ती खोबण ७८ची वेगळी आणि एलपी-ईपीची वेगळी. ७८ची खोबण रुंद, एलपीची बारीक. ७८ची सुई टोकाशी साधारण तिप्पट जाड असते. ती एलपीवर ठेवली तर खोबणीच्या भिंती खरवडत जाते. उलट एलपीची सुई ७८वर ठेवली तर ती खोबणीच्या तळाशी घरंगळते आणि तिथली सगळी धूळ तुम्हाला ऐकवते. लोक म्हणतात, ‘जुन्या रेकॉर्डना खरखर असतेच.’ असते, पण निम्मी खरखर चुकीच्या सुईची असते. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली. तिच्यावर आपल्या गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे. नासाने त्या तबकडीसोबत सुई आणि कार्ट्रिजही (सुई धरून तिच्या थरथरीची वीज करणारी डबी) पाठवलं, आणि ती किती वेगाने फिरवायची ते वेष्टणावर कोरलं. परग्रहावरच्या मंडळींवरसुद्धा सुईची निवड सोडलेली नाही, मग आपण तरी का सोडावी?

लाखेच्या तबकडीबद्दल आणखी एक गोष्ट, जी पुढे कामाला येणार आहे. त्या मिश्रणात लाख कमी आणि दगडाची भुकटी जास्त असायची, शिवाय काजळी. भुकटी मुद्दाम. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स (सुई धरून तिच्या थरथरीचा आवाज करणारी डबी) सुईवर शंभर ग्रॅमच्याही वर भार टाकायचा. पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांतच त्या भुकटीवर घासून खोबणीच्या आकाराची व्हायची आणि मग नीट बसायची. म्हणून नियम होता, दर बाजूला नवी सुई. तुमच्या डबीतल्या सुया त्याच. पण सुया पैसे देऊन आणाव्या लागत, आणि बेताच्या पगारात ‘अजून एकदा चालेल’ असं म्हणत तीच सुई चार-पाच गाण्यांना वापरली जायची. तेव्हा झिजायची पाळी तबकडीची. या झिजेकडे आपण परत येऊ.

सफाई. इथे माझी चूक सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. बाविसाव्या वर्षी मामांनी मला हिराबाई बडोदेकरांची एक रेकॉर्ड दिली. टेपरेकॉर्डरची हेडं आम्ही स्पिरिटने पुसायचो, म्हणून हीही स्पिरिटने पुसली. कापूस काळा झाला. मला वाटलं काय मळ निघतोय! मळ कसला, लाख विरघळत होती. सुताराला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की पॉलिश करायला लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात. त्या बाजूवर आजही फक्त वाऱ्यासारखा आवाज येतो. तेव्हा ७८ला स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचा फवारा, काहीही अल्कोहोलवालं लावायचं नाही.

बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका, आणि दाढीच्या मऊ ब्रशने किंवा मायक्रोफायबरच्या फडक्याने खोबणीच्या दिशेने गोल पुसा. आडवं कधीच नाही. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू देऊ नका. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून सावलीत उभी वाळवा. एलपीलाही हीच रीत पुरते. जुनी आतली पाकिटं बुरशी धरतात, ती बदला, पण फेकू नका. ७८च्या खाकी पाकिटांवर दुकानांची नावं छापलेली असतात, कधी रबरी शिक्का असतो, कधी कोपऱ्यात शाईने तारीख. ती वेगळ्या फायलीत ठेवा. रेकॉर्ड उभ्या ठेवा, पुस्तकांसारख्या, भिंतीला तिरप्या टेकवून नाही. आणि पुन्हा माळ्यावर नको. पत्र्याखालच्या माळ्यावर एप्रिल-मेमध्ये एलपीचा पापड होतो.

आता प्लेअर. हे तुमच्या परिस्थितीवर आहे, एकच उत्तर देता येणार नाही. ढिगांत ७८ जास्त असतील तर एक रस्ता, एलपी-ईपी जास्त असतील तर दुसरा. तुम्ही लिंक पाठवलीत तसले नवे सूटकेसवजा प्लेअर दिसायला गोड आहेत. पण त्यांचं सिरॅमिक कार्ट्रिज पाच-सहा ग्रॅम भार टाकतं (चांगला टर्नटेबल दीड-दोन ग्रॅमवर चालतो), आणि वेगाच्या खटक्यावर ७८ लिहिलेलं असलं तरी सुई बहुतेकदा एलपीचीच असते. बाजारातून स्वस्तात आणलेली एलपी त्यावर खुशाल लावा. आजोबांची लावू नका.

तुमच्याकडचा जुना प्लेअर मी आधी उघडून बघेन. तो बंद आहे म्हणजे मेलाय असं नाही. आत मोटारीच्या दांड्याला आणि थाळीच्या कडेला चिकटून फिरणारं एक रबरी चाक असतं. ते वर्षानुवर्षं एकाच जागी दबून कडक होतं आणि त्याला खळगा पडतो. मग थाळी फिरतच नाही किंवा फिरली तर गाणं लंगडत चालतं. कुठल्या मॉडेलला चाकाऐवजी पट्टा असतो, तो सैल होतो. ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ही सगळी कामं होण्यासारखी आहेत. त्या काळच्या चार वेगांच्या प्लेअरना सुई उलटवायची छोटी कडी असते, एका बाजूला ७८, दुसऱ्या बाजूला एलपी. ती शाबूत असेल तर निम्मं काम झालं. सुई मात्र नवीच घ्या. नीलमण्याची असेल तर चाळीस-पन्नास तासांत संपते, हिऱ्याची पाचशे तास सहज जाते. एक बजावून सांगतो, दुरुस्तीआधी प्लग लावून ‘चालतोय का’ बघू नका. आतले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) जुने आहेत.

आणि मुंबईच्या चोरबाजारात किंवा ऑनलाइन, पितळी कर्ण्याचा, झगझगीत पॉलिशचा, कुत्र्याचं चित्र लावलेला ‘अस्सल’ ग्रामोफोन दिसला तर पुढे चालू लागा. यातले बरेच सुट्या भागांतून नव्याने जुळवलेले असतात. शोभेला ठेवा हवा तर. त्यावर एलपी लावणं म्हणजे पैठणी दगडावर आपटून धुणं.

नुसतं ऐकायचं असेल आणि खर्च टाळायचा असेल तर एक मधला रस्ता आहे. कुणाकडून तरी एकदाच नीट संगणकावर उतरवून घ्या. ७८ वेग नसलेल्या चांगल्या टर्नटेबलवर, ७८ची सुई बसवून, ४५ वेगाने ध्वनिमुद्रण करायचं आणि ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये वेग वाढवून ७८ करायचा. मी स्वतः असं पुष्कळ केलंय. स्वरांच्या रंगात थोडा फरक पडतो, पण गाणं सुरक्षित होतं. आवाज साफ करण्याच्या बटणांचा अतिरेक मात्र नको. खरखरीबरोबर तंबोराही जातो.

‘रेकॉर्डचा आवाज उबदार असतो म्हणतात, खरं का?’ असंही तुम्ही कंसात विचारलंय. माझं मत इथे बऱ्याच मित्रांना आवडत नाही. आजोबांच्या पेटीतला उबदारपणा मुख्यतः त्या पेटीचा होता. छोटा कागदी स्पीकर, लाकडी खोकं, सिरॅमिक कार्ट्रिज, वरचे सूर जवळजवळ गायब. तीच एलपी चांगल्या यंत्रावर लावली की सारंगी धारदार येते आणि तबल्याची चाट टोचते. कुणाला ते आवडतं, कुणी म्हणतं ‘हा आमच्या घरचा आवाज नाही’. दोघंही बरोबर आहेत. तुम्हाला गवई ऐकायचा आहे की आजोबांची खोली, हे ठरवा. खोली ऐकायची असेल तर तोच जुना प्लेअर दुरुस्त करा, महागडा घेऊ नका.

आता पाच हजार. यादीशिवाय मी हो-नाही म्हणणार नाही, आणि जो म्हणतो त्याच्यापासून सावध राहा. दीडशे रेकॉर्डमध्ये घराघरांत खपलेली सिनेगीतं आणि आरत्या असतील तर रक्कम ठीकच आहे. जी रेकॉर्ड त्या काळी भरपूर खपली तिच्या आज भरपूर प्रती आहेत. जुनी म्हणून महाग, असं नसतं. किंमत येते ती कमी निघालेल्यांना: एखाद्या लहान कंपनीच्या, एखाद्या विसरल्या गेलेल्या गायिकेच्या, नाटकांच्या संचाच्या, प्रादेशिक नकला आणि पोवाड्यांच्या. लेबलवर कंपनीचं नाव बघा. एचएमव्ही, कोलंबिया नेहमीचे. ओडियन, यंग इंडिया दिसलं की जरा थांबा.

एलपीच्या क्रमांकाआधीची अक्षरंही उतरवून घ्या. एचएमव्हीच्या शास्त्रीय आणि सुगम एलपींवर ईएएलपी, ईसीएलपी म्हणजे मोनो, ईएएसडी, ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ. आणि एखादी फार जुनी ७८ निघाली आणि गाणं संपताना गायिकेने स्वतःचं नाव मोठ्याने सांगितलेलं ऐकू आलं तर मला लगेच कळवा. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायझबर्गने गायिका गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोवरला जात. तिथल्या लोकांना लेबलवर कुणाचं नाव टाकायचं ते कळावं म्हणून गाणारे शेवटी नाव उच्चारत. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला, तरी ही लकब पुढे काही वर्षं रेंगाळली.

दुर्मीळ काही निघालंच तर विकण्याआधी संग्राहकांना दाखवा. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था याच कामात आहे.

इथवरचं एवढं धरा: विक्री आणि वाजवणं दोन्ही थांबवा, ढीग करा, स्पिरिट लावू नका, यादी करा. यापुढचं मी दुकानात सहसा बोलत नाही, पण तुम्ही विचारलंय.

यादी करताना प्रत्येक ७८ खिडकीच्या उजेडात तिरपी धरा. काही बाजू अजून काळ्याभोर चकचकीत दिसतील. काही करड्या पडलेल्या असतील, खोबणीवर राख फिरवल्यासारख्या. तीच ती झीज. बाजारात करडी बाजू म्हणजे किंमत शून्य. पण ती करडी का पडली? कारण ती पुन्हा पुन्हा लावली गेली. यादीत एक रकाना वाढवा: कुठली बाजू करडी. तो रकाना भरला की आजोबांची आवड तुमच्यासमोर असेल, आणि ती चारचौघांत सांगायची आवड नसेल, खरी असेल.

एकदा मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मी एकाच घरातून आलेल्या चाळीसेक रेकॉर्ड घेतल्या. सगळ्या पाकिटांवर एकाच हाताने नंबर घातलेले. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, भावगीतं, अगदी मानाचा संग्रह. आणि सगळा चकचकीत. करडी पडली होती एकच, एका नकलाकाराची, रेल्वेच्या डब्यातल्या भांडणाची नक्कल. ती इतकी झिजलेली की शब्द धड कळत नाहीत. तो माणूस मला कधी भेटला नाही, पण पाहुणे आले की काय लावायचा आणि पाहुणे गेल्यावर काय लावायचा, हे मला माहीत आहे. बाकीच्या काही रेकॉर्ड मी पुढे विकल्या. नक्कल ठेवली.

यात फसगत होऊ शकते, तीही सांगतो. रेकॉर्ड मुळात कुणाकडून जुनी घेतलेली असेल तर झीज दुसऱ्याची. कार्ट्यांनी बोथट सुईने खेळ केला असेल तर झीज कार्ट्यांची. म्हणून एका रेकॉर्डवरून काही ठरवू नका, सगळा ढीग बघा. एकाच गायिकेच्या चार बाजू करड्या असतील, किंवा एकाच तबकडीची एक बाजू करडी आणि दुसरी कोरी असेल, तर तो योगायोग नव्हे.

आणि न ऐकलेल्या गाण्यांसाठी जीव तुटण्याचं म्हणाल तर मला त्यात नवल वाटत नाही. तुम्ही ती गाणी ऐकली नाहीत, पण ती ऐकलेल्या माणसाच्या हाताखाली वाढलात. ७८ची बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपायची. जो ख्याल मैफलीत तासभर चालायचा तो एवढ्यात बसवायचा, म्हणून गवई आलापी आखडून थेट गाभ्याला हात घालायचे. ऐकणाऱ्यालाही दर तीन मिनिटांनी उठायला लागायचं: सुई बदला, बाजू उलटा, चावी द्या. रेकॉर्ड लावून कुणी भाजी निवडायला जात नसे. तुमचे आजोबा अंघोळ करताना एकाच चालीचा तीन मिनिटांचा तुकडा गुणगुणून तिथेच थांबत होते का, आठवून बघा. पुढचं त्यांना येत नव्हतं असं नाही. रेकॉर्ड तिथे संपत होती.

वडील ‘सगळं मोबाइलवर आहे’ म्हणतात ते बव्हंशी खरं आहे, त्यांच्याशी वाद घालू नका. उलट यादीच्या कामाला त्यांनाच बसवा. तुम्ही रेकॉर्ड उजेडात धरा, त्यांना लेबल वाचायला सांगा. लहानपणी हा प्लेअर वाजताना ते त्याच घरात होते. करड्या बाजूंची नावं वाचताना ते कुठे थांबतात ते बघा.

चकचकीत ढीग मग खुशाल विका, पाच हजारांना किंवा जास्तला. करड्या माझ्याकडे घेऊन या, मी उतरवून देईन. प्लेअरही आणा, आणि ती सुयांची डबीसुद्धा, उघडून न सांडता. आत वापरलेल्या सुया आहेत की कोऱ्या, ते मला बघायचंय.